धुराचे रसग्रहण

पुस्तक न वाचता त्याचे परीक्षण लिहिता येते, हे मी गेली कित्येक वर्षे सिद्ध करीत आलो आहे. त्याची रीत ठरलेली असते. पहिल्या परिच्छेदात लेखकाच्या आधीच्या पुस्तकाची आठवण, दुसऱ्यात प्रस्तावनेतला एखादा मुद्दा, आणि शेवटी 'मुद्रण सुबक, मुखपृष्ठ समर्पक, बांधणी मजबूत'. मजकुराबद्दल बोलायची वेळच येत नाही. लेखक खूश, प्रकाशक खूश आणि वाचकाने तसेही पुस्तक घेतलेले नसतेच. पण चिरुटाचे परीक्षण चिरूट न ओढता करता येत नाही, हे मला गेल्या जुलैत कळले. आणि अशा रीतीने कळले की, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला कशावरच अभिप्राय द्यावासा वाटेना.

त्याचे असे झाले. न्यू जर्सीला असतो तो माझा भाचा सुट्टीवर आला. बॅगेतून बदाम, चॉकलेटे आणि मामीसाठी पर्स असा नेहमीचा ऐवज निघाल्यावर त्याने एक लाकडी खोका काढून माझ्यापुढे ठेवला. आत दहा चिरूट, नवऱ्या मुलासारखे कमरेला सोनेरी पट्टे बांधून झोपलेले.

"मामा, तुम्ही क्रिटिक आहात. यातले बारकावे तुम्हालाच कळणार."

मला क्रिटिक म्हणणारा हा आमच्या घराण्यातला पहिलाच माणूस. तिथेच मी फसलो. मी फुंकणारा नाही. कॉलेजात असताना दोन सिगरेटी ओढल्या होत्या, त्यातली एक उलट्या बाजूने. पण खोक्याबरोबर 'नवशिक्यांसाठी' म्हणून एक छोटेखानी पुस्तिका होती, आणि पुस्तिका म्हटल्यावर आपण धंद्यात बसतो.

ती मी खरोखरच वाचली. चांगली लिहिली आहे, हे आधी कबूल करतो. पहिल्या प्रकरणातच माझी चिरुटाशी दोस्ती झाली, कारण चिरूट म्हणजे पुस्तकच की! वरचे देखणे पान म्हणजे वेष्टन, आपले मुखपृष्ठ. त्याच्या आत सगळे आवळून धरणारे दुसरे पान, ती बांधणी. आणि अगदी आत भरलेली पाने, तो मजकूर. त्या मजकुरातही झाडाच्या शेंड्याची ऊन खाल्लेली पाने जोरकस आणि सावकाश जळणारी, मधली सुगंधी, आणि बुडातली नुसती नीट पेटावे म्हणून घातलेली. अशा तळपानांवर चारशे पृष्ठे ओढलेल्या कादंबऱ्या मला माहीत आहेत.

मग आकार. लांबी इंचात, आणि जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात. म्हणजे पन्नास नंबरचा चिरूट पाऊण इंचाहून थोडा जाड. 'रोबुस्तो' पाच इंच, पन्नास नंबर. 'चर्चिल' सात इंच, सत्तेचाळीस नंबर. नवशिक्याने साडेपाच इंचांच्या आतला, फिकट वेष्टनाचा निवडावा आणि बोटांनी हलके दाबून पाहावा. गाठ लागली तर धूर नीट ओढला जात नाही, पोकळ लागला तर भराभर जळून तापतो. आणखी एक गोष्ट ही पुस्तिका परखडपणे सांगते, ती मला फार आवडली : काळा रंग म्हणजे कडकपणा नव्हे. 'मदुरो' नावाचे ते काळसर पान जास्त दिवस मुरवलेले असते. ते कित्येकदा गोडसरच लागते, आणि गोरापान दिसणारा माणसाला आडवा करतो. आमच्याकडे स्थळे पाहायला जाणाऱ्यांना हे प्रकरण वाचून दाखवायला हवे.

चिरूट सांभाळण्याचे प्रकरण मात्र आमच्या हवेला लागू नाही. हवेत सुमारे सत्तर टक्के दमटपणा हवा, त्यासाठी खास पेटी घ्यावी, असे त्यात आहे. दादरला जुलै महिन्यात सत्तर टक्के म्हणजे दुष्काळ! बिस्किटे, पापड आणि भिंतीवरचे कॅलेंडर यांच्याबरोबर चिरूटही आपोआप ओला राहतो. प्रश्न उरतो तो बुरशीचा.

इतिहासाच्या पानांवर तर मी हरखूनच गेलो. हवानाच्या कारखान्यांत कामगार चिरूट वळत बसलेले असताना एक माणूस उंच जागी बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. ही प्रथा १८६५ पासूनची, आणि सुरुवातीला त्या वाचकाचा पगार कामगार आपल्या पदरचे पैसे काढून देत. 'मॉन्टे ख्रिस्टो' हे चिरुटाचे नाव दुमाच्या कादंबरीवरून पडले, कारण वळणाऱ्यांना ती फार आवडे, असे सांगतात. म्हणजे पुस्तक ऐकण्यासाठी पैसे मोजणारे लोक जगात होते! पुढे क्रांती झाली, १९६० मध्ये कारखाने सरकारजमा झाले, मालक उठून डॉमिनिकन रिपब्लिक आणि निकाराग्वाकडे गेले. तेव्हापासून एकाच नावाचा चिरूट दोन देशांत निघतो आणि दोन्हीकडचे लोक आपलाच अस्सल म्हणतात. बालगंधर्व १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडून निघाले, तेव्हा निदान पाटीवर नवे नाव लिहिण्याची रीत तरी त्यांनी पाळली.

एक उणीव दाखवतो. आपल्याबद्दल पुस्तिकेत चकार शब्द नाही. इंग्रजांचा 'चेरूट' काय आणि आपला 'चिरूट' काय, दोन्हींचे मूळ तमिळ 'सुरुट्टू', म्हणजे गुंडाळी. त्रिचनापल्लीचा चिरूट इतका नावाजलेला होता की, १८८७ साली छापलेल्या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्सने जमिनीवरची राख पाहून तो ओळखला. नुसत्या राखेवरून! न वाचता अभिप्राय देणाऱ्या आम्हा सर्वांचा तो आद्यगुरू मानायला हरकत नाही.

आता चवीचे प्रकरण. इथे माझे आणि पुस्तिकेचे बिनसले. चिरुटाचे म्हणे तीन भाग पाडायचे, आणि प्रत्येक तिसऱ्या हिश्श्यात वेगळी चव शोधायची. पहिल्यात मलई, देवदार आणि गवत. दुसऱ्यात कॉफी, कोको, चामडे, ओली माती. मी म्हणतो, चामड्याची चव ज्याला ओळखू येते, त्याने ते आधी कधीतरी चाखलेले असणार. केव्हा आणि का, हे लेखक सांगत नाही. 'आश्वासक', 'संयत', 'अंतर्मुख करणारे' हे माझे शब्द मी याच दुकानातून आणले होते, हे ओळखू आले आणि थोडी लाजही वाटली.

पेयांचे प्रकरण समजायला सोपे आहे. तो सगळा गवई आणि तबलजीचा हिशेब. फिकट चिरुटाला दुधाची कॉफी किंवा हलकी बिअर, मध्यम असेल त्याला बेताची व्हिस्की, काळ्या गोडसर पानाला जुनी मुरलेली रम. धुरकट वासाच्या स्कॉचपासून नवशिक्याने लांब राहावे, कारण ती चिरुटाला बोलूच देत नाही. आणि रिकाम्या पोटी मैफल नको. ठरले : रविवारी जेवणानंतर, गॅलरीत, काळा चिरूट आणि भाच्याने आणलेली रम.

"अहो, परवाना आहे का?" हिने आतून विचारले.

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे हिला ठाऊक असल्याचे पाहून मला कौतुक वाटले. म्हटले, "सरकारचा ना?"

"माझा."

तो एका ग्लासापुरता मिळाला.

भाच्याने टोपीच्या कडेवर नेमका काप घेतला. चिरूट लगेच ओढायचा नसतो, आधी टोक ज्योतीवर शेकायचे असते. दमट काड्यांमुळे आमचे शेकणे नऊ काड्या चालले. मग मिनिटाला एक झुरका. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. मी घोळवला. भाच्याने डोळे मिटून विचारले, "कोको लागला?"

"लागला की," मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या परीक्षणांनी जिभेला वळण लागलेले असते.

"आणि मागून चामडं?"

"येतंय, येतंय."

रमचा एक घोट, एक झुरका. दोघे एकमेकांना खुलवतात, असे पुस्तिका म्हणते. खुलवत असावेत, कारण दुसऱ्या हिश्श्याच्या मध्यावर समोरच्या इमारतीचे मजले मला नीट मोजता येईनात. कपाळाला घाम आला. तोंडातला धूर तोंडातच राहिला, तरी त्यातले निकोटिन तोंडाच्या कातडीतूनच रक्तात जाते, हे पुस्तिकेत नव्हते. ते मला नंतर डॉक्टरांनी सांगितले. मोठ्या चिरुटात सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, हेही त्यांनीच सांगितले. मी भाच्याकडे पाहिले, तर तोही भिंतीला टेकून पांढराफटक बसलेला.

हिने काही न बोलता लिंबू-साखरेच्या पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले. दोन्ही चिरुटांबरोबर जमलेले ते एकमेव पेय.

"मामा," थोड्या वेळाने भाचा म्हणाला, "खरं सांगू? चामडं मला कधीच लागलं नाही. ऑफिसात सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणतो."

"मला कोकोसुद्धा लागला नाही रे."

"मग तुम्हाला लागलं तरी काय?"

परीक्षकाला इतका सरळ प्रश्न कोणी विचारत नाही. मी पहिल्यांदाच विचार करून उत्तर दिले. म्हटले, "तुझे पणजोबा."

खोका उघडला तेव्हाच तो वास मला भेटला होता. माझे आजोबा कीर्तन करीत. खणखणीत आवाज, देवळात उभे राहिले की तीन वाड्यांपलीकडे आख्यान ऐकू जाई. जेवण झाले की अंगणात त्यांचा चिरूट पेटे. वाण्याकडून तो आणायचे काम माझे, आणि उरलेल्या सुट्या पैशांची लिमलेटची गोळी हा त्यातला माझा नफा. मग एका वर्षी त्यांचा घसा बसला, तो बसलाच. शेवटचे वर्षभर ते माझ्या शाळेच्या पाटीवर लिहून बोलत. अक्षर सुरेख. 'आमटीत गूळ कमी.' 'दार लोटा.' एकदा मी गोळी चघळत समोर उभा होतो, तेव्हा माझ्याकडे बघून लिहिले, 'आता नको आणू.' मला वाटले, माझ्या गोळीलाच म्हणताहेत.

भाचा गप्प झाला. मग मी त्याला पुस्तिकेतले एक वाक्य काढून दाखवले : शेवटचा तिसरा हिस्सा कडवट होतो, तो ओढू नये, चिरूट ठेवून द्यावा आणि आपोआप विझू द्यावा. शिष्टाचार म्हणून ठीक आहे. माझी तक्रार एवढीच की, पुस्तिकाही तिथेच विझते. चिरूट भेट देण्याची गोष्ट निघाली म्हणून अमेरिकेच्या सेनापती ग्रँटचे सांगतो. १८६२ च्या लढाईत तो जिंकला, त्याच्या हातात चिरूट होता हे वर्तमानपत्रांत आले, आणि लोकांनी कौतुकाने हजारो चिरूट पाठवले. १८८५ मध्ये तो घशाच्या कर्करोगाने गेला, आठवणींचे पुस्तक घाईने संपवून. फ्रॉइडच्या जबड्यावर १९२३ पासून तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. चिरूट सुटला नाही. हे लोक नवशिके नव्हते. आणि चिरुटाबरोबर पेय घेतले की दोघे एकमेकांना खुलवतात, हे तर डॉक्टरही मानतात : तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका दोघांच्या संगतीने बेरजेत नव्हे, गुणाकारात वाढतो. जोड्या लावण्याच्या प्रकरणात एवढी जमलेली जोडी सुटावी, याला काय म्हणावे?

कोणी हौसेने वर्षातून एकदा ओढला, तर मी पाटी घेऊन त्याच्या दारात उभा राहणार नाही. पण रसिकाने रस घ्यायचा तर सगळ्या पुस्तकाचा घ्यावा. आवडीची पाने वाचून उरलेली न वाचणे हे आम्हा परीक्षकांचे काम, ते हौशी माणसाने करू नये.

उरलेल्या आठ चिरुटांवर ऑगस्टात बुरशी आली, ते कचऱ्यात गेले. खोका मात्र हिने ठेवून घेतला. त्यात सध्या लवंगा, वेलदोडे आणि गॅसची जुनी पावती असते. भाच्याचा परवा फोन आला होता. म्हणाला, "मामा, त्या पुस्तिकेवर तुम्ही लिहिणार होतात ना?"

लिहिले आहे, आणि या खेपेला वाचून, ओढून लिहिले आहे. मुद्रण सुबक. मुखपृष्ठ समर्पक. बांधणी मजबूत. शेवटचे प्रकरण छापायचे राहिले आहे.