शेरी टर्कल यांचे 'अलोन टुगेदर' : एक चिकित्सा

इंटरनेटमुळे माणसे एकमेकांना दुरावली, हे विधान परिसंवादांत सर्रास केले जाते. या मताला अभ्यासाचे पाठबळ देणाऱ्या ग्रंथांत शेरी टर्कल यांच्या 'अलोन टुगेदर' (२०११) चा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागतो.

टर्कल या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक आहेत. 'लाइफ ऑन द स्क्रीन' (१९९५) या आधीच्या ग्रंथात त्यांनी संगणकावर निरनिराळी रूपे धारण करून स्वतःला पारखण्याच्या संधीकडे आशेने पाहिले होते. सोळा वर्षांनंतर मात्र त्यांचा सूर चिंतेचा झाला. ग्रंथाच्या पूर्वार्धात वृद्धांना सोबत करणाऱ्या 'पारो' या सीलच्या आकाराच्या यंत्राचा, तर उत्तरार्धात सतत जोडलेल्या माणसांचा विचार आहे. तंत्रज्ञानाकडून आपल्या अपेक्षा वाढतात आणि माणसांकडून कमी होतात, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन आहे. फोनवर बोलणे टाळून लेखी संदेश पाठविणाऱ्या किशोरांचे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. संदेश खोडून सुधारता येतो, बोललेला शब्द परत घेता येत नाही. वर्गात प्रश्न विचारण्यास कचरणारा विद्यार्थी यातून समजू शकतो.

तथापि, हे विवेचन मुख्यतः अमेरिकन समाजावर आधारलेले आहे. प्रत्येकाजवळ स्वतंत्र फोन आणि निवांत खोली असते, हे त्यात जणू गृहीत धरले आहे. १९७० च्या दशकापासून हैदराबाद व कोकणातून अनेक मुस्लिम तरुण नोकरीसाठी आखाती देशांत गेले. त्यांच्या घरी पूर्वी पत्राची वाट पाहिली जाई. आज व्हिडिओ कॉलवर बाप मुलांचा अभ्यास विचारतो. येथे निवड प्रत्यक्ष भेट की इंटरनेट अशी नसून, इंटरनेट की मौन अशी आहे. २०२० च्या टाळेबंदीत असंख्य घरांत एकाच फोनवर भावंडांचे शिक्षण चालले. तेव्हा प्रश्न अतिवापराचा नव्हता, वाट्याचा होता. फोन आधी कोणाला मिळतो, मुलीला कितपत मिळतो, या प्रश्नांना टर्कल यांच्या चौकटीत जागा नाही.

शिवाय दुरून साधलेला संवाद उथळच असतो असे नाही. मिर्झा गालिब यांच्या 'ऊद-ए-हिंदी' (१८६८) या पत्रसंग्रहात समोर बसून बोलल्याची जवळीक आहे. ती साधनाने नव्हे, लिहिणाऱ्याने दिलेल्या अवधानाने आली. टर्कल यांचा आग्रहही अखेर अवधानाचाच आहे. म्हणून हा ग्रंथ अध्यापकांनी अवश्य वाचावा. मात्र त्याचे निष्कर्ष वर्गात सांगण्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्यांच्या घरातील परिस्थितीशी ते ताडून पाहावेत.