यंत्र दिसते, शिकवणारा दिसत नाही

नील गर्शेनफेल्ड यांचे ‘फॅब’ (२००५) हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे, पण जरा सावधपणे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९९८ साली त्यांनी ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ हा वर्ग सुरू केला. तिथल्या एका विद्यार्थिनीने किंकाळी साठवून नंतर सोडणारी पिशवी बनवली. हे वर्णन बहारदार आहे. जे लागेल ते लागेल तेव्हा शिकावे, हे लेखकाचे मुख्य सूत्र.

पण पुस्तकात आपले पाबळही आहे. तिथला विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केला. शाळा सुटलेली मुले तिथे वर्षभर राहून वेल्डिंग, वीज, शेती शिकतात. २००२ साली फॅब लॅब आली ती दुधाची तपासणी, डिझेल इंजिनाचे ट्यूनिंग असे प्रश्न घेऊन.

एमआयटीतल्या मुलीचे सर्किट अडले तरी ओहमचा नियम तिला आधीच ठाऊक असतो. आठवीत शाळा सोडलेल्या मुलाचे काय? तीन सूत म्हणजे इंचाचा कितवा भाग हे न कळल्याने त्याने लोखंडी अँगल आखूड कापला, तर त्याला त्याच क्षणी अपूर्णांक हवे असतात. (आणि नवा अँगलही!) पण आपल्याला अपूर्णांक हवे आहेत हे त्याला स्वतःला कळत नाही. ते ओळखणारा निदेशक शेजारी लागतो. पुस्तकात कापण्यावर, थर चढवण्यावर, मोजण्यावर प्रकरणे आहेत. या निदेशकावर नाही.

मी पाहिलेल्या काही शाळांत थ्रीडी प्रिंटर आहे. त्याचा तास वेळापत्रकात कोणाच्या नावावर, हे मात्र ठरलेले नव्हते.