‘पिस्तुल्या’ची शाळा आणि आमची गल्ली

१९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण एक गोष्ट सातत्याने मांडत आलो आहोत. मराठी मुसलमानाचे जगणे दुसऱ्याने सांगितलेले पुरेसे नाही, ते त्याने स्वतः लिहिले पाहिजे. कथा, कविता, आत्मकथन, वैचारिक लेखन या प्रांतांत हे काम बऱ्यापैकी झाले. परंतु आज मोहल्ल्यातला मुलगा पुस्तकापेक्षा पडदा अधिक पाहतो, आणि पडद्याच्या बाबतीत आपण अजून प्रेक्षकांच्याच रांगेत बसलो आहोत. आपल्यावर चित्रपट निघतात. आपल्याकडून क्वचितच निघतात. म्हणून चित्रपट आणि दूरचित्रवाणी निर्मितीचे विद्यापीठीय शिक्षण हा विषय साहित्याच्या वार्षिकात घेणे आम्हाला अप्रस्तुत वाटत नाही.

त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले; पण ज्या काळाबद्दल आम्ही बोलत आहोत तेव्हा ते अहमदनगरच होते. या शहरातल्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज हा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. नागराज मंजुळे हे तिथलेच विद्यार्थी. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातून आलेले, पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. केलेले आणि मुळात कवी. या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट केला. नॉन-फीचर विभागात पदार्पणाच्या उत्कृष्ट चित्रपटाचा २०१० सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. वर्गात द्यायचा एक प्रकल्प देशपातळीवर पोहोचला, ही घटना आपल्या जिल्ह्यात घडली; तरीही आपल्या उर्दू शाळांतून तिची चर्चा फारशी होत नाही.

‘पिस्तुल्या’ची गोष्ट थोडक्यात सांगता येते. भटक्या-विमुक्तांच्या वस्तीतला एक मुलगा. त्याला शाळेची ओढ आहे आणि घरची गरिबी त्याला चोरीकडे ढकलते आहे. बस, एवढेच. चांगल्या लघुपटाला एक इच्छा आणि एक अडथळा पुरतो. चित्रपटाच्या वर्गात इटालियन दिग्दर्शक डी सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ आवर्जून दाखवतात. तिथेही गरिबीच माणसाला चोर बनवते. बाप मुलाच्या डोळ्यांदेखत सायकल चोरायला जातो. ‘पिस्तुल्या’त तो भार थेट मुलाच्याच अंगावर येतो. डी सिकांनी बापाच्या भूमिकेसाठी कारखान्यातला कामगार घेतला होता. मंजुळेंनीही पिस्तुल्यासाठी सूरज पवार हा नवखा मुलगा घेतला. हाच सूरज पुढे ‘फँड्री’त जब्याचा मित्र पिऱ्या झाला. वर्गात पाहिलेला परदेशी चित्रपट आणि गावाबाहेरची पालवस्ती यांची अशी गाठ पडली की शिक्षण फळाला येते. नुसत्या परदेशी चित्रपटाने नक्कल होते, आणि नुसत्या वस्तीने हळहळ.

आमच्या मते चित्रपटाच्या शिक्षणाचा खरा लाभ इथे आहे. कॅमेरा चालवणे, दिवे लावणे, आवाज घेणे, संगणकावर संकलन करणे ही कौशल्ये शिकावीच लागतात. आज ती मोबाइलवरही बऱ्यापैकी शिकता येतात. पण कॅमेरा कुठे ठेवायचा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर की वरून, दृश्य कुठे तोडायचे, काय दाखवायचे नाही, हे प्रश्न विद्यार्थ्याला कुणीतरी विचारावे लागतात. पुन्हा पुन्हा लिहायला, पुन्हा पुन्हा कापायला लावावे लागते. ज्या वस्तीत आपण वाढलो ती रोजची असल्याने आपल्याला दिसेनाशी झालेली असते. तिच्याकडे विषय म्हणून पाहण्याची शिस्त वर्ग लावतो.

ही शिस्त नसली तर काय होते, याचे उत्तर शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावात आहे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी कोणत्याही विद्यापीठाची पायरी न चढता ‘मालेगाव के शोले’ केला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागावरचा कामगार. हिरव्या कापडासमोर त्याला आडवा बांधून उडवला गेला. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला, तरी काम थांबले नाही. ही जिद्द कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही, आणि तिच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. गावातली घाण आणि तंबाखू यांची थट्टाही त्या विनोदात आहे.

पण टीकाकार म्हणून एक प्रश्न विचारणे भाग आहे. मालेगावकरांनी केला तो शोले, केला तो सुपरमॅन. म्हणजे मुंबईचा आणि हॉलिवुडचा नायक आपल्या गल्लीत आणला. खुद्द गल्ली, तो यंत्रमागाचा खडखडाट, शुक्रवारची सुटी, मागावरून उठून पडद्यावर जाणारा तो हडकुळा जवान, ही गोष्ट आहे हे २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात दाखवले. शफीक २०११ मध्ये कर्करोगाने गेला. पुढे रीमा कागती यांनी त्याच कहाणीवर कथापट केला, तो २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. दोन्ही कामे मनापासून केलेली आहेत. परंतु दोन्ही वेळा मालेगावची गोष्ट बाहेरून आलेल्या नजरेने ओळखली. आपल्या हातांत हुनर होते. आपलीच गोष्ट सांगण्याजोगी आहे हा भरवसा नव्हता. नगरच्या वर्गातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याजवळ तो भरवसा होता.

मुसलमान कलावंताला असा भरवसा आलाच नाही असे मात्र नाही. सईद अख्तर मिर्झा १९७६ मध्ये पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडले. १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झालेली ती संस्था. मिर्झांनी १९८९ मध्ये ‘सलीम लंगडे पे मत रो’ केला आणि मुंबईच्या मुस्लिम मोहल्ल्यातला तरुण प्रथमच नवाब, कव्वाल किंवा तस्कर न राहता आपल्या शेजारच्या घरातला वाटला. १९९५ च्या ‘नसीम’मध्ये त्यांनी बाबरी मशीद पडण्याआधीचे महिने एका शाळकरी मुलीच्या आणि तिच्या आजोबांच्या नात्यातून दाखवले. आजोबांच्या भूमिकेसाठी कैफी आझमींना उभे केले. शिक्षण आणि गल्ली एकत्र आल्या की काय होते त्याचा हा आपल्या घरातला पुरावा. पण ती मुंबईची, हिंदी-उर्दूची गल्ली. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरीच्या मराठी बोलणाऱ्या मुसलमानाचा सलीम अजून यायचा आहे.

मराठी चित्रपटात आपण कुठे आहोत ते पाहू. २०१७ मध्ये शिवाजी लोटन पाटील यांचा ‘हलाल’ आला. कथा राजन खान यांची, म्हणजे आपल्यातल्याच लेखकाची. तलाक आणि हलालाचा प्रश्न त्यात धीटपणे घेतला आहे, आणि तो घ्यायलाच हवा होता. तरीही मुसलमान घर पडद्यावर यायचे तर तलाकच्या दारानेच यायचे, ही सवय मराठी प्रेक्षकाला लागू नये असे आम्हाला वाटते. याउलट ‘सैराट’मधला सल्या पाहा. टोपी नाही, शेरोशायरी नाही, संशय नाही. मित्रांच्या टोळक्यातला एक, करमाळ्याचीच बोली बोलणारा, मित्रासाठी मार खाणारा. मराठी पडद्यावर इतका साधा मुसलमान दिसणे ही मोठी गोष्ट आहे. पण ती परश्या आणि आर्चीची कथा आहे, सल्याच्या घरातली नव्हे. मंजुळेंकडून सल्याच्या घरच्या कथेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ती कथा सल्याच्या घरच्याच कुणीतरी लिहायची आहे.

इथे भाषेचा मुद्दा येतो. ‘फँड्री’ हा शब्द कैकाडी बोलीतला, अर्थ डुक्कर. जब्याला ज्या बोलीची गावात लाज वाटते, तीच बोली दिग्दर्शकाने चित्रपटाच्या नावात ठेवली. पुढे गाव हसते, राष्ट्रगीत सुरू होताच डुक्कर पकडणारे कुटुंब जागच्या जागी थिजते, आणि शेवटी जब्याने मारलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. या सगळ्याची ताकद त्या एका शब्दात साठलेली आहे. आता आपल्याकडे वळू. आपला मुलगा घरात दखनी बोलतो, शाळेत उर्दू लिहितो आणि बाजारात अस्सल नगरी मराठी. चित्रपटात आपली दखनी बहुधा हशा पिकवण्यासाठी येते, आणि आपण शिक्षकही वर्गात ती ‘दुरुस्त’ करीत बसतो. उर्दूची शुद्धता शिकवलीच पाहिजे. पण तीन बोलींचा हा कान संवाद लिहिणाऱ्यासाठी मोठे भांडवल आहे, हे त्या मुलाला कुणी सांगत नाही.

मग आपली मुले या शिक्षणाकडे का वळत नाहीत? कारणे तीन दिसतात. पहिले धार्मिक संकोचाचे. तस्वीर आणि सिनेमा यांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यांत पडण्याचा आमचा अधिकार नाही. पण ज्या घरात संध्याकाळी मालिका लागते, लग्नात व्हिडिओवाला येतो आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, त्या घरात पाहणे चालते आणि शिकणे चालत नाही, हा हिशेब आम्हाला जुळत नाही. दुसऱ्याने बनवलेले मुकाट पाहायचे आणि स्वतः विचारपूर्वक काही बनवायचे नाही, यात दीनदारी कुठे आली?

शिवाय हे शिक्षण आपल्या परंपरेला परके नाही. ज्या जामिया मिल्लियाचे नाव आपण अभिमानाने घेतो, तिथे कुलगुरू अन्वर जमाल किदवई यांनी १९८२ मध्ये मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर सुरू केले. कॅनडाचे माहितीपटकार जेम्स बेव्हरिज त्यांच्या सोबतीला होते. कबीर खान तिथलेच. शौनक सेनही तिथे शिकले. जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दिल्लीच्या दोन मुसलमान भावांवर त्यांनी ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट केला आणि तो २०२२ मध्ये जगभर नावाजला गेला. तेव्हा शराफतीचा प्रश्न जामियाने चाळीस वर्षांपूर्वीच निकाली काढला आहे.

दुसरे कारण भाषेचे. उर्दू माध्यमातून आलेला मुलगा मराठी-इंग्रजी वर्गात बुजतो. ही अडचण खरी आहे. १९९८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात जनसंवाद आणि पत्रकारिता उर्दूतून शिकता येते, हे आपल्या किती पालकांना ठाऊक आहे? पण आमचे मत विचाराल तर नगरच्या मुलाने नगरच्याच वर्गात मराठीतून शिकावे. जो प्रेक्षक त्याला गाठायचा आहे, तो त्याच वर्गात त्याच्या शेजारी बसलेला असतो.

तिसरे कारण पोटाचे, आणि ते सर्वांत वजनदार आहे. डी. एड., बी. एड., आय. टी. आय. केले तर निदान नोकरीची आशा तरी असते. चित्रपटाच्या पदवीने ती हमी मिळत नाही. हे लपवून मुलांना या वाटेला लावणे ही फसवणूक ठरेल. पदवीधर अनेक, पुरस्कार एखाद्याला, हेही सांगितले पाहिजे. मात्र हे शिक्षण म्हणजे केवळ दिग्दर्शक होणे नव्हे. संकलन, ध्वनिमुद्रण, वृत्तवाहिनीचे चित्रीकरण, शैक्षणिक चित्रफिती ही रोजीची कामे आहेत. लग्नाचे व्हिडिओ काढून घर चालवणारी आपली कितीतरी पोरे आहेत. कॅमेरा त्यांच्या खांद्यावर आहेच, आणि पदवी झालेली असेल तर पदव्युत्तर वर्गाचे दार त्यांनाही बंद नाही.

मुलींचा विचार वेगळा करायला हवा. आज आपल्या उर्दू शाळांच्या निकालांत मुली पुढे असतात. मोहल्ल्यातल्या घराच्या आतला भाग, जिथे बाहेरच्या कॅमेऱ्याला प्रवेश नाही, तो त्यांना आतून ठाऊक आहे. परदा, तलाक, शिक्षण यांवर त्यांच्या वतीने बोलणारे पुष्कळ झाले. त्यांच्यातल्या एकीने संकलनाच्या टेबलावर बसून काय ठेवायचे आणि काय कापायचे हे स्वतः ठरवले, तर कितीतरी भाषणे अनावश्यक ठरतील.

शाळेला यात काय करता येईल? कॅमेरा विकत घेण्याची गरज नाही. नववी-दहावीच्या निबंधाच्या तासाला महिन्यातून एकदा ‘माझा आवडता सण’ बाजूला ठेवून मुलांना आपल्या गल्लीतला एक प्रसंग लिहायला सांगावा. एक माणूस, त्याला हवी असलेली एक गोष्ट, आणि आड येणारी दुसरी. संवाद घरच्या बोलीत लिहायची मुभा द्यावी. मग विचारावे, हे कुठून पाहिलेस, दारातून की गच्चीवरून? पटकथेचा पहिला धडा यापेक्षा वेगळा नसतो. यातून दरवर्षी एक जरी मूल त्या पदव्युत्तर वर्गाच्या दारापर्यंत पोहोचले तरी पुष्कळ झाले.

‘पिस्तुल्या’तल्या मुलाला शाळा हवी होती आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती. आपल्या मुलांच्या बाबतीत चित्र उलटे आहे. शाळा आहे, शहरात चित्रपटाचा वर्ग आहे, खिशात कॅमेरा आहे. नाही ती फक्त आपल्या गोष्टीवरची आपली निष्ठा. साहित्यात ती आपण कष्टाने कमावली. पडद्यासाठी ती आता कमवायची आहे.