आमिएलची डायरी : परकं वाटणं आणि भान

आजाराला नाव डॉक्टरच देतात असं आपण धरून चालतो. ‘डीपर्सनलायझेशन’ हा शब्द मात्र एका डायरीतून आला. जिनिव्हात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आंरी-फ्रेदेरिक आमिएल यांची रोजनिशी सुमारे १७,००० पानांची आहे. जुलै १८८० च्या एका नोंदीत ते म्हणतात, की मी जणू कबरीपलीकडून आयुष्याकडे बघतोय, सगळं परकं झालंय, मी माझ्याच शरीराबाहेर आहे. १८८१ साली ते गेले. १८९८ मध्ये ल्युदोविक द्युगा यांनी तो शब्द उचलला आणि तो मानसशास्त्रात रुजला.

ही डायरी वाचायची कशी? मॅथ्यू अर्नॉल्ड यांनी १८८७ च्या लेखात आमिएलच्या साहित्यसमीक्षेचं कौतुक केलं, पण अनंताविषयीचं चिंतन त्यांना निष्फळ वाटलं. आमिएल ‘माया’ हा आपलाच शब्द वापरतात, त्यामुळे आपला वाचक उलट टोकाला जाऊन म्हणेल, वा, हा तर साक्षात्कार! मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात.

कारण त्याच नोंदीत पुढे आमिएल स्वतःला विचारतात, हे वेड आहे का? आणि उत्तर देतात, नाही, मला परत येता येतं. इथे थांबा. कीर्तनात देहभान हरपतं, तेव्हा बघणारा उरत नाही. इथे बघणारा टक्क जागा आहे. जग खोटं आहे असं तो म्हणत नाही, खोटं ‘वाटतं’ म्हणतो. आज निदान करतानाही डॉक्टर हाच ‘जणू’ शोधतात. आमिएलना हा आजार होता, असा शिक्का मी मारणार नाही. पण ज्यांना आपलेच हात परके वाटतात, घरचे लोक काचेपलीकडचे वाटतात, त्यांची पहिली भीती ‘मला वेड लागतंय’ हीच असते. त्यांच्यासाठी हा ‘जणू’ फार मोलाचा आहे. त्यांना ‘सगळी मायाच आहे’ असं सांगणं म्हणजे त्यांचं दुखणं न ऐकणं.

डायरीची मर्यादाही सांगतो. इतकी पानं माणूस स्वतःवरच पहारा देतो. ‘आज खरं वाटतंय का?’ हे सतत तपासत राहिलं की परकेपणा आणखी घट्ट होतो. म्हणून आजच्या उपचारांत लक्ष बाहेर, हातातल्या कामाकडे वळवायला शिकवतात. आमिएल मात्र वर्गात शिकवून घरी आले, की पुन्हा वही उघडत. त्यांच्याकडून तो ‘जणू’ घ्यावा, पहारा घेऊ नये.