बझर आणि ऑक्सिजन

१९७२ मध्ये रेडिओवर सुरू झालेली ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ १९९० च्या दशकात झी टीव्हीवर आली. डेरेक ओब्रायन यांच्या चटपटीत सूत्रसंचालनाने मुलांना प्रश्नमंजूषेची गोडी लागली, हे मान्यच. पण बझरला एकच नाव हवे असते. समजा, विचारले : ऑक्सिजनचा शोध कोणी लावला? ‘प्रीस्टले’ म्हटले की गुण मिळाले! वास्तविक शीले यांनी तो वायू आधीच मिळवला होता. त्यांचे पुस्तक मात्र १७७७ मध्ये निघाले. प्रीस्टले यांनी १७७४ मध्ये तो मिळवला, पण त्याला ‘फ्लॉजिस्टनविरहित हवा’ मानले. ज्वलनातील त्याचे कार्य उलगडले लाव्हाझिए यांनी. मग शोध कोणाचा? वर्गात यावर अख्खा तास रंगतो. शाळेच्या प्रश्नमंजूषेत मात्र ‘तिघांचाही’ म्हणणाऱ्या मुलाला आपणच शून्य देतो.