दोन खडूंचा कृष्ण

'अमर चित्र कथा' १९६७ साली सुरू झाली तेव्हा पैशाची ओढाताण होती. सुरुवातीच्या अंकांना पुरे रंग परवडत नसत. पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यावर भागवलं जाई. आणि परीकथा संपवून क्रमांक अकराला मालिका आपल्या पुराणांकडे वळली, तेव्हा पहिला नायक ठरला कृष्ण! संहिता अनंत पैंची, चित्रं राम वाईरकरांची. (पुढे सुप्पंडीला रूप दिलं ते याच वाईरकरांनी.)

नायक निळा, पीतांबर पिवळा, वृंदावन हिरवं. एवढ्याशा रंगांत सामावणारा दुसरा देव सापडणं कठीण. गणपतीचं जास्वंद या रंगांत कुठून आणणार?

त्यातला हिरवा तरी वेगळा कुठे? निळ्यावर पिवळा चढवला की तो होतोच. म्हणजे कृष्णाचं अंग आणि त्याचं वस्त्र एकमेकांत मिसळून रान उगवतं. हे कुणी ठरवून केलं असेल असं नाही, पण रंगांची ही सोयरीक एकदा दिसली की नजरेआड होत नाही.

कृष्णाचा निळा आपल्या ओळखीचा झाला तो भिंतीवरून. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातल्या तसबिरी, मग मुळगावकरांची कॅलेंडरं. आपण म्हणतो सावळा आणि छापतो निळा! मुळगावकरांच्या रंगांत सावली हळूहळू विरत जाते. कॉमिकमधला निळा मात्र सपाट, काळ्या रेघेच्या कुंपणात बसवलेला. राग, दंडाचा पीळ, धावत्या गाईची झेप, हे सगळं त्या रेघेलाच पेलावं लागतं. लाल हाताशी नसला की कंसवधाचा आवेशही तिच्याकडेच येतो. वाईरकरांची रेघ मला आवडते ती यासाठी.

गेल्या उन्हाळ्यात खकनारला भाच्यापुढे मी काळी पेन्सिल आणि दोनच खडू ठेवले, निळा आणि पिवळा. म्हटलं, कृष्ण काढ. अंग, पीतांबर झटकन झालं. मागे त्याने कदंबाऐवजी केळीची बाग लावली. केळीच्या मुलखातल्या खकनारचंच पोर ते. उन्हातल्या पानांवर पिवळा दाबून घासला, सावलीतल्या पानांवर निळा. मग यशोदेपाशी अडला.

"मामा, हिचं कुंकू?"

"लाल नाही मिळायचा."

खडू तोंडात धरून तो थोडा वेळ बसला. मग चेहरा खोडला, अंबाडा काढला आणि यशोदेला पाठमोरी उभी केली.