वाचन-अक्षमतेची जनुके आणि हैदराबादचा विद्यार्थी : एक चिकित्सा

वाचन-अक्षमता म्हणजेच डिस्लेक्सियाच्या आनुवंशिक कारणांवरील एक मोठा अभ्यास २०२२ साली 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निदान झाल्याचे सांगणाऱ्या ५१,८०० प्रौढांची सुमारे १० लाख ८७ हजार इतरांशी तुलना करून संशोधकांनी ४२ जनुकीय स्थाने नोंदविली. मूल आळशी आहे म्हणून वाचत नाही, या शिक्षकवर्गातील जुन्या समजाला यामुळे धक्का बसतो. ही या अभ्यासाची जमेची बाजू होय.

तथापि, त्याच्या मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. निदान सहभागींनी स्वतः सांगितलेले होते आणि मुख्य विश्लेषणातील व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या. शिवाय सर्व जनुकीय माहिती एकत्र करूनही वाचनातील फार तर ६ टक्के फरकाचे स्पष्टीकरण मिळाले. त्यावरून एखाद्या मुलाचे भवितव्य ठरविता येणार नाही.

दुसरा मुद्दा लिपीचा. हिंदी व उर्दू दोन्ही वाचणाऱ्यांवर चैत्रा राव, ज्योत्स्ना वैद व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात (२०११) उर्दू शब्द वाचण्यास अधिक वेळ लागल्याचे आढळले. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. म्हणजेच वाचनाचा मंदपणा हा नेहमीच मेंदूतील दोष नसतो.

हैदराबादचा विद्यार्थी घरी दखनी बोलतो, शाळेत उर्दू शिकतो, तेलुगू व इंग्रजीलाही तोंड देतो. त्याची चाचणी केवळ इंग्रजीत घेतल्यास भाषेची अडचण अक्षमता ठरेल आणि खरी अक्षमता भाषेच्या अडचणीआड लपेल. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली 'डाली' ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजीत उपलब्ध केली, ही योग्य दिशा आहे. त्या पहिल्या संचात उर्दू व तेलुगू नव्हत्या, ही उणीव मात्र आपल्या शहराला जाणवणारी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्याने अचूक निदानाचे महत्त्व वाढले आहे.

आठव्या वर्षी न ओळखलेला विद्यार्थी अठराव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात येतो. ऐकून समजलेला उतारा त्याला शिकलेल्या लिपीत वाचता येतो का, एवढे शिक्षकाने तपासावे. ते निदान नव्हे. पण तज्ज्ञाकडे पाठविण्यास पुरेसे कारण आहे.